म्हाताऱ्याचं दुखणं

काकांनी बटण दाबलं त्याला तास होत आला होता, आणि पडद्यावरचं चाक अजून गरगरतच होतं.

"उठला का तुमचा म्हातारा?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. त्या जुन्या कंप्यूटरला घरात सगळे म्हाताराच म्हणायचे.

"उठतोय," काका म्हणाले. त्यांचा स्वतःचाही विश्वास नव्हता.

बावीस वर्षं रविवारच्या अंकात काकांचं शब्दकोडं येत होतं. एकही रविवार चुकला नव्हता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी पलंगावर आडवं पडून उभे शब्द सांगितले होते आणि बायकोने उभ्या उभ्या आडवे लिहून घेतले होते. पण काल संपादकांचा फोन आला होता. "काका, गेले दोन आठवडे कोडं अगदी ऐनवेळी येतंय. उद्या पाचच्या आत कोडं आलं नाही, तर पुढच्या रविवारपासून आम्ही आयती कोडी छापू."

अर्धं कोडं म्हाताऱ्याच्या पोटात अडकलं होतं. चौकोन आखायचा तो जुनाट प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याच मशीनवर चालत नव्हता. जावयाने तर निकालच लावला होता. "संध्याकाळी नवा घेऊन येतो. हा जाऊ दे भंगारात."

काकांनी खणातून दुरुस्तीच्या दुकानाचं पुसटलेलं कार्ड काढलं आणि फोन लावला.

"हां, बोला," एका बाईंचा आवाज आला. कामाच्या घाईत असाव्यात.

"अहो, आमचा म्हातारा अगदीच मंदावलाय. आजच्या आज काहीतरी करायला हवं."

"वय किती?"

"तेरा पूर्ण."

"अरे वा, मोठी मजल मारली की! होतंय काय नेमकं?"

"सकाळी उठायलाच तास घेतो. उठला की नुसती घरघर. काही सांगावं, तर ढिम्म हलत नाही. घेऊन येऊ का तिकडे?"

"नको, या वयात उगाच हलवू नका. अंग तापतं का?"

काकांनी टेबलाखाली वाकून हात लावला. "तव्यासारखं."

"ठेवता कुठे?"

"कोपऱ्यात. खाली जाड सतरंजी आहे."

"आधी ती सतरंजी काढा. गार फरशीवर, मोकळ्या हवेत आणा. साफसफाई कधी केली होती?"

"साफसफाई?" काकांनी विचारलं.

"म्हणजे कधीच नाही. मऊ ब्रश घ्या, कानाकोपऱ्यातून हलक्या हाताने फिरवा. पाणी अजिबात नको. आणि पोटात काय काय जातं?"

"नातवंडं येतात. हाताला लागेल ते भरतात."

"तरीच! या वयात पचतं होय एवढं? अरबट-चरबट सगळं बंद. जंतांचं काही दिलंय?"

काका ओशाळले. व्हायरस मारायचा एक प्रोग्राम दुकानदाराने घातला होता, दुसरा जावयाने. "दोन आहेत. दोन्ही चालू आहेत."

"दोन्ही एकदम?" बाई कडाडल्या. "जीव घ्याल त्याचा! एक आत्ताच्या आत्ता बंद करा. मग तासभर पूर्ण विश्रांती द्या आणि प्रेमाने उठवा. संध्याकाळी मी फोन करून विचारते."

बोलणी बसली होती, पण काकांना हुरूप आला. दुकानदार आजवर 'बदलून टाका' यापलीकडे गेला नव्हता. या बाईंना मशीनची माया होती.

काकांनी कंबर कसली. जावयाचा व्हायरसवाला आधी गेला. मग नातवंडांचे गेम, एकामागून एक. साडेबारा वाजले तेव्हा अकरा गेम गेले होते. काकांनी वायर काढली, सतरंजी ओढली, डब्याचं झाकण उघडलं. आत पंख्यावर धुळीची गोधडी होती.

बायकोने केसांना कलप लावायचा कोरा ब्रश आणून दिला. "घ्या. आधी त्याला तरुण करा, मग मी बघते माझं."

झाकण लावून दोघं जेवायला बसली. काकांचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. तास पुरा झाल्यावर त्यांनी वायर लावली, बटण दाबलं आणि डोळे मिटले.

"अहो, बघा तरी!" बायको ओरडली.

दीड मिनिट! घरघर नाही, चाक नाही. कोडं पडद्यावर हजर. काकांची बोटं धावू लागली आणि पहिल्यांदाच म्हातारा त्यांच्या पुढे धावत होता. शेवटी एकच शब्द अडला. आडवा, चार अक्षरी.

"कायाकल्प," मागून बायको म्हणाली.

चार वाजून अडतीस मिनिटांनी कोडं गेलं. पाच मिनिटांत संपादकांचं उत्तर आलं: 'मिळालं. रविवारची जागा तुमचीच.' काकांनी ते तीनदा मोठ्याने वाचलं.

सहाला जावई भलं मोठं खोकं घेऊन दारात उभा राहिला. काकांनी त्याला खुर्चीत बसवलं, म्हाताऱ्याला बंद करून परत चालू करून दाखवलं. जावई पडद्याकडे बघतच राहिला.

"बाबा, केलंत काय? कुणाला दाखवलंत?"

"जावईबापू, ज्याचं काम त्यानेच करावं. नुसत्या फोनवर दुखणं ओळखलं बाईंनी! ते खोकं आल्या पावली परत न्या."

तेवढ्यात फोन वाजला. बाईंचाच होता. जावयालाही ऐकू जावं म्हणून काकांनी स्पीकर लावला.

"बाई, कमाल केलीत! सांगितलंत तसंच सगळं केलं. नुसता पळतोय म्हातारा, घरभर आनंदीआनंद!"

"अरे वा!" बाई खुशीत म्हणाल्या. "आणि शेपूट हलवतोय ना?"