निवडलेली सुई

"रागावू नका काका, बहुतेक मलाच नीट लावता येत नाहीये," असं म्हणत मुलीने रेकॉर्ड प्लेअर टेबलावर ठेवला. काही दिवसांपूर्वी तिने तो इथूनच, काकांच्या घरून, विकत नेला होता. गाण्यात ‘स’ आला, ‘श’ आला की तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं चरचरत होतं म्हणे.

सुईवाले काका हसले. रेकॉर्डच्या नादाला नव्याने लागलेली पोरं जरा खुट्ट झालं की धावत येतात, हे त्यांना काही नवीन नव्हतं. "जुनं यंत्र आहे बाळा, थोडं कुरकुरणारच. म्हातारी माणसं नाही का कुरकुरत?"

तिने सोबत आणलेली रेकॉर्ड त्यांनी लावली आणि डोळे मिटून ऐकली. कुठे काय? आवाज कसा लख्ख होता.

"हे बघा, आत्ता! परत आलं! ऐकलंत?"

"काही नाहीये गं."

"अहो काका, असं काय करताय? हे काय चाललंय मग?"

काकांच्या कपाळाला आठी पडली. दुसरं काहीही बोला, पण त्यांच्या कानांवर शंका? अडगळीतून, भंगारातून उचललेली यंत्रं धुऊनपुसून, पट्टा बदलून ते नवख्यांना स्वस्तात द्यायचे, ते याच कानांच्या जोरावर. नवी सुई घातली की किंमत पार वर जायची आणि कॉलेजातली पोरं हिरमुसून परत फिरायची. म्हणून काका जुन्या सुयांचा डबा घेऊन बसायचे. एकेक सुई लावायची, ऐकायची आणि जिच्यात अजून जीव असेल ती ठेवायची. "माझे कान म्हणजे सोनाराचा काटा!" असं ते येईल त्याला ऐकवायचे. आत स्वयंपाकघरात काकू खुदकन हसायच्या. काकूंना जाऊन आता बरेच महिने झाले होते.

"आण ती रेकॉर्ड इकडे," ते जरा घुश्शातच म्हणाले. रेकॉर्ड घेऊन ते खिडकीशी गेले आणि डोळ्याला भिंग लावलं. कानांवर तिचा विश्वास नसेल, पण डोळे तरी खोटं बोलणार नव्हते. काळ्याभोर तबकडीच्या खाचा करड्या पडल्या होत्या. झिजलेल्या सुईने त्या खरवडून काढल्या होत्या.

काका कितीतरी वेळ भिंग खाली घेईनात.

"कुणाची गं ही?"

"बाबांची. ते गेल्यावर कपाटात सापडली. आईला रोज संध्याकाळी लावून देते." मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "खराब झाली का हो?"

"झाली."

"पुसून नाही का जाणार?"

"नाही पोरी, आता काही होत नाही त्याला. तुझं काही चुकलं नाही. मी तुला खराब सुई दिली."

तिने रेकॉर्ड हळूच पाकिटात सरकवली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

त्यांनी नवीकोरी सुई काढून बसवली आणि पैशांचं नावही काढू दिलं नाही. ती गेली, आणि डबा पुढ्यात घेऊन काका तसेच बसून राहिले.

मुलीला दिलेली ती सुई निवडताना घर रिकामं होतं. एरवी अशा वेळी काकू पदराला हात पुसत बाहेर यायच्या. "अहो, ही नको. दुसरी लावा."

"का? छान तर वाजतेय. तुला काय कळतंय त्यातलं!"

"छानच वाजतेय हो. पण माझं डोकं उठतंय. लावा ना दुसरी."

मग काका उपकार केल्यासारखे सुई बदलायचे. "आता? आता बरं वाटतंय का राणीसाहेबांना?" काकूंनी मान डोलावली की ती सुई पक्की. बायकोच्या या डोकेदुखीची त्यांनी पाहुण्यारावळ्यांसमोरसुद्धा थट्टा केली होती. तिने एकदाही, अगदी भांडणातसुद्धा, ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं म्हटलं नाही. आपलं डोकंच पुढे करत राहिली बिचारी.

"अगं, सांगायचंस की मला," काका मोठ्याने म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.

पण रडत बसून भागणार नव्हतं. काकू गेल्यावर विकलेलं प्रत्येक यंत्र कुणाच्या तरी घरात फिरत होतं, कुणाची तरी रेकॉर्ड खरवडत होतं. त्यांनी तोंड धुतलं आणि फोन घेतला. पहिला फोन एका तरुण मास्तरला लावला. परवाच त्याने हौसेने बायकोच्या वाढदिवसाला प्लेअर नेला होता.

"अरे, ते यंत्र परत घेऊन ये. सुई खराब असेल त्याची."

"खराब? छे हो काका! एक नंबर वाजतंय. आम्ही दोघं तर वेडे झालोय. थांबा, तुम्हालाच ऐकवतो!"

पलीकडे खुडबुड झाली आणि गाणं सुरू झालं. काकांनी श्वास रोखला. फोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. एक कडवं झालं. दुसरं झालं.

"ऐकलंत ना? आहे का काही दोष?" मास्तर खुशीत विचारत होता.

"नाही रे. मला अगदी छान ऐकू आलं," काका म्हणाले. "म्हणूनच सांगतो, बंद कर ते. आजच घेऊन ये."