चिपळूणच्या दुकानाचं गाऱ्हाणं

चिपळूणच्या नव्या दुकानात संदेशने देवाला गाऱ्हाणं घालायला हात जोडले, तेव्हा मी मांडवीच्या गाडीवरचा जुना तवा नारळाशेजारी ठेवला. आमच्यात पद्धतच आहे. दुकान कुठलंही असो, पहिला हॉटडॉग ह्याच तव्यावर मी भाजणार. शेगडीवर आधीच नवा कोरा तवा चढवलेला दिसला, पण माझ्या मनात काही आलं नाही. गाडी मी सुरू केली तेव्हा संदेश, माझा धाकटा भाऊ, कॉलेजात होता. हॉटडॉग इथे कोण खाणार म्हणून लोक हसले. मी पावात कोकमाची चटणी घातली आणि रांग लागली. गाडीची दुकानं झाली, रत्नागिरीत, लांज्यात, मंडणगडात. प्रत्येक ठिकाणी संदेशचं गाऱ्हाणं तेच: "बा देवा म्हाराजा, आमच्या भावाबहिणीच्या धंद्याला यश दे रे म्हाराजा!" त्यावर सगळे ओरडायचे, "होय म्हाराजा!" आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. आज त्याने घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं नाही. "बा देवा म्हाराजा, मी, माझी बायको समीक्षा नि माझे सासरे, आम्ही तिघांनी मिळून हा धंदा उभा केलाय..." मला वाटलं, माझं नाव आता येईल. "...तर आम्हा तिघांच्या पदरात यश घाल रे म्हाराजा!" आणि सगळ्यांच्या आधी, सवयीने, माझ्याच तोंडून निघालं, "होय म्हाराजा!"