खांदमळणी

चर्रर्र करून वेल्क्रो सुटला आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. त्रिवेणीनं लेकीच्या डाव्या हाताची पट्टी उतरवली. मोकळी झालेली बोटं क्षणभर हवेत राहिली आणि लगेच मिटली. सहा वर्षांची ऋचा जन्मापासून ही मूठ अशी घट्ट धरून होती, जणू कुणी आतलं काही हिसकावून घेईल.

"आज उघडायची हं," त्रिवेणी म्हणाली.

"बरं," ऋचा म्हणाली. मागच्या नऊ रविवारीही ती हेच म्हणाली होती.

आजचा दहावा. आणि शेवटचा. शहराबाहेर, घटकेसरच्या पुढे काही कुटुंबांनी मिळून एक शेत चालवायला घेतलं होतं. वांग्यांचे वाफे, कोंबड्या, ससे आणि एक बैल. रविवारी तिथं ऋचासारख्या मुलांना जनावरांच्या संगतीत ठेवत. एका मुलाला दहाच पाळ्या. पुढचं मूल रांगेत उभंच असे, आणि पुन्हा नंबर लागायला चार महिने.

नवऱ्याची, संदेशची, ड्यूटी होती, म्हणून आज सासरे भगवंतराव निघाले सोबत. ऋचा भिंतीला धरून चार पावलं टाकायची. जिने आणि रस्ते मात्र आईच्या पाठीवरूनच. अंबरपेठेतल्या घराचे तीन जिने त्रिवेणी तिला घेऊन उतरली. ते मागून पिशवी घेऊन आले.

बैलाचं नाव बुज्जी. पुंगनूर जातीचा, पांढरा, त्रिवेणीच्या कमरेला लागेल एवढाच. त्याला एका बुटक्या गाडीला जुंपायचे. पुढच्या फळीवर मूल बसवलं की त्याचा हात बैलाच्या पाठीला पुरायचा. चालत्या जनावराच्या उबेनं आखडलेली बोटं सैल होतात, असं शेतावरच्या भाग्यलक्ष्मीनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्रिवेणीनं ते मनात कोरून ठेवलं होतं.

ऋचाला आंब्याखालच्या बाकावर बसवून ती फाटकापाशी सही करायला गेली. परत येऊन बघते तो भगवंतराव बुज्जीपाशी उकिडवे बसलेले. खिशातून आणलेली स्टीलची डबी उघडी. तूप आणि हळद कालवून ते बैलाच्या खांद्याला चोळत होते. जू बसतं तिथं, दोन्ही अंगठ्यांनी, सावकाश. उदगीरकडचं शेत सोडून त्यांना चाळीस वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांचा पोळा म्हणजे पाटावरचे मातीचे बैल.

"मामंजी, हे काय?"

"उद्या पोळा नाही का? आज खांदमळणी." मग ते बुज्जीच्या कानाशी वाकले आणि पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

भाग्यलक्ष्मी जू घेऊन आली होती. तिनं ते खाली ठेवलं.

"क्या करना, अम्मा? अंकल तो दावत दे दिये. अब इसकू जोतना नक्को."

"आमची आज शेवटची पाळी आहे!"

भगवंतरावांचा तुपाचा हात हवेतच थांबला. "माझ्या ध्यानातच आलं नाही गं, पोरी." ते कसनुसे झाले. "पण आवतण दिलं ते दिलं. बोलावलेल्याला कसं जुंपायचं?"

 त्रिवेणीनं ऋचाला उचलून बुज्जीजवळ आणलं. गाडी नाही तर नाही, खांदा तर समोर होता. तिनं लेकीची मूठ डबीत बुडवली आणि बैलाच्या अंगावर टेकवली.

"लाव. बोटं सोड, ऋचा. एकदाच. सोड ना!"

मूठ आणखी आवळली. बुज्जी दोन पावलं बाजूला सरकला.

"बस, अम्मा," भाग्यलक्ष्मी हळूच म्हणाली.

ऋचा रडली नाही. ती आजोबांकडे बघत होती. "आबा, खांद्यालाच का लावायचं?"

"वर्षभर ओझं तिथंच असतंय ना, बाळा. म्हणून आज खांदा मळायचा. उद्या काम नाही. अंघोळ करायची, पुरणपोळी खायची, बसायचं."

"बैल पुरणपोळी खातो?"

"तुझ्या बापापेक्षा बरा खातोय. नावं न ठेवता."

ऋचा खुदकन हसली. त्रिवेणी हसली नाही. तिनं तिथंच नवा फॉर्म मागितला, तिथंच भरला. चार महिने तर चार महिने. तोवर दर बुधवारी रजा टाकायची आणि लेकीला ससे तरी धरायला आणायचं. ऋचाला पाठीवर घेऊन ती फाटकाबाहेर पडली. बसस्टॉपपर्यंत अर्धा किलोमीटर. भगवंतराव अपराध्यासारखे वीस पावलं पुढे चालत होते. लेकीची मूठ पुसायचीही राहून गेली होती.

मान खाली घालून ती चालत राहिली. ऋचा घसरली की एक हिसका देऊन वर घ्यायची, पुन्हा चालायचं. हे हिसके आता तिच्या ध्यानातही येत नसत.

मग डाव्या खांद्यावर काहीतरी फिरायला लागलं. ओलसर, कोमट. आधी नुसती गाठ. गाठीतून एक बोट सुटलं. मग दुसरं. कुडत्यावर हळद पसरत होती. तिसरं बोट सुटलं तशी त्रिवेणी रस्त्यात उभी राहिली. मान वळवून बघायचा धीर होईना. हालले तर मिटतील, असं वाटलं. सासऱ्यांना हाक मारायचंही सुचलं नाही.

ती तीन बोटं खांदा मळत होती. जिथं ओझं असतं, बरोबर तिथं.

"आज आवतण घ्या," ऋचा कानाशी म्हणाली, "उद्या जेवायला या."

 बोटं थांबली. लेक विचारात पडली होती.

"आई, उद्या तुला काम नाही," ती म्हणाली. "मग मला पाठीवर कोण घेणार?"