अडसराची खोबण

गावाच्या उत्तर वेशीचे सातच दगड उरले होते. चार विहिरीच्या काठाला, दोन देवळाच्या पायरीत आणि दार आतून बंद करणाऱ्या लाकडी अडसराची खोबण असलेला एक केतकीच्या अंगणात.

"पत्रिका जुळली, मुलगीही पसंत आहे," मुलाचे मामा म्हणाले. "पण वेशीवर पहारा तुमच्या पूर्वजाचा. त्यानंच शत्रूला दार उघडलं म्हणतात. हल्ली सगळेच असा दगड मोजून घेतात हो."

"मोजा की! आमचा माणूस अडसराला पाठ लावून मेलाय," केतकीचे वडील उसळून म्हणाले.

त्या हल्ल्यात वेस जळाली होती. अडसर लावलेला असेल, तर त्याने झाकलेली खोबण आतून खूपच कमी तापलेली असणार. दगड तेव्हा किती तापला होता, हे मामांनी आणलेले मापक चारशे वर्षांनीही सांगत असे. केतकीने ते स्वतःच दगडाला टेकवले.

बाहेरून ६१२ अंश, खोबणीत ६०९.