जास्तीचं धुणं

"तुम्ही रोज जसं धुता, अगदी तसंच दाखवा," जंतुतपासणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ऑपरेशन थिएटरमागच्या त्या धुण्याच्या खोलीत आजवर कुणी मोठं माणूस डोकावलं म्हणून नव्हतं.

"बघा तर," तिनं बाह्या सरसावल्या.

पोटाला लहानलहान भोकं पाडून आत घालायची ती दुर्बीण आणि ते लांब चिमटे. साबणानं घासले, सांधे उघडून ब्रशनं आतला कण न् कण काढला, औषधाच्या ट्रेमध्ये ठरल्या वेळेपर्यंत बुडवले, मग बाटलीतल्या निर्जंतुक पाण्यातून काढले. हात चालत होता तसं तोंडही. हयगय म्हणून नाही. डॉक्टरीणबाईंना बोट ठेवायला जागा सापडेना.

एवढं झाल्यावर सिस्टरनं नळ सोडला आणि सगळं धारेखाली धरलं.

"हे काय?"

"हे माझं जास्तीचं. नियमात नाही. अहो, ते औषध फार जहाल, नाकाला झोंबतं. बाटलीभर पाण्यानं जातंय होय? उगाच पेशंटच्या आतड्याला चटका नको. शेवटी नळाखाली खळखळून धुतल्याशिवाय मला चैन नाही पडत."

"आणि दुसऱ्या सिस्टर?"

"ती ढिली?" सिस्टरनं नाक मुरडलं. "नेमून दिलंय तेवढं करणार आणि चहाला पळणार. वर मलाच म्हणते, ताई, अति तिथं माती! तिची ड्यूटी असली की माझ्या पोटात गोळा येतो, खरं सांगते. त्या अकरा जणांचं तुम्ही तिलाच विचारायला हवं होतं."

ते अकरा जण सगळ्या हॉस्पिटलला माहीत होते. ऑपरेशन नीट झालं, हसतखेळत घरी गेले, आणि महिना-दीड महिन्यानं भोकांच्या जागी गाठी आल्या, गाठी फुटून पू वाहायला लागला. टाके मानवले नाहीत म्हणून झालं, टीबी म्हणून झालं. टीबीच्या गोळ्या खाऊन खाऊन माणसं खंगली, घरच्यांनी त्यांची ताटं वेगळी केली, पण पू काही थांबेना. त्यातले एक म्हातारे मास्तर तर गेलेच. आणि अकरावी होती सिस्टरची सख्खी धाकटी बहीण. पित्ताशयातल्या खड्यांसाठी आली होती बिचारी.

डॉक्टरीणबाई नळाकडे बघत होत्या. "टीबी नाही तो. टीबीच्याच गोतातला जंतू, पण राहतो पाण्यात. टाकीत, पाइपात, नळाच्या तोंडाशी. प्यायलं तर सहसा काही करत नाही. चिरलेल्या पोटात शिरला की मात्र मुक्काम ठोकतो, आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही."

"म्हणजे ढिलीनं टाकीचं पाणी वापरलं?"

डॉक्टरीणबाईंच्या जिवावर आलं होतं. "सिस्टर, सर्जन वेगळे, वॉर्ड वेगळे, आजार वेगळे. सारखी सापडली ती एकच गोष्ट. अकराही जणांच्या वेळी ड्यूटी तुमची होती. त्या दुसऱ्या सिस्टरच्या ड्यूटीला एकालाही काही झालेलं नाही. का, ते मला आत्तापर्यंत कळत नव्हतं."

सिस्टरनं नळ बंद केला. हात तोटीवरच राहिला. "मी तर चांगल्यासाठीच..."

"ठाऊक आहे मला. तुम्हाला कुणी फासावर देणार नाही. आजपासून हा नळ तेवढा बंद."

फासावर दिलं असतं तर बरं झालं असतं, असं सिस्टरला अगदी मनापासून वाटलं. मास्तरांच्या बायकोनं ऑपरेशननंतर त्यांना घरी नेताना तिचे हात धरून आभार मानले होते. आणि बाकी सगळ्यांचं सामान तिनं नळाखाली एकदा खळखळलं होतं, बहिणीचं दोनदा.

ती वॉर्डात गेली तेव्हा धाकटी उशीला टेकून बसली होती. पोटावरची पट्टी सकाळीच बदललेली, तरी पिवळी झालेली.

"सोमवारी परत घेणार म्हणे आत. सडलेलं सगळं कापून काढायचंय," धाकटी म्हणाली. "तू असशील ना गं थिएटरमध्ये?"

"नाही. सोमवारी मी रजा टाकतेय."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या ऑपरेशनच्या दिवशी? मागच्या वेळी तुझी ड्यूटी नव्हती म्हणून मी आठवडाभर कळा सोसत थांबले, ताई. दुसऱ्या कुणाच्या हाती जायचं नव्हतं मला." तिनं मान फिरवली. "सासरच्यांनी ताट वेगळं केलं, ते एक वेळ समजू शकते. पण तूही विटलीस का मला?"

आता मात्र सिस्टरला राहवेना. ती बेडच्या कडेला बसली.

"विटेन कशी गं? तुझं पोट मी नासवलं. या हातांनी. नळाच्या पाण्यात होतं ते, आणि मी आणखी चांगलं धुवायला गेले..."

धाकटी चक्क हसली. "काहीतरीच तुझं! घास तोंडात घालायच्या आधी चारदा हात धुणारी तू. तू नासवणार होय!"

हसताना जखम ताणली गेली आणि कळ मस्तकात गेली. डोळे घट्ट मिटून धाकटीनं ताईचा हात ओढून घेतला, आणि दुखत होतं तिथं दाबून धरला.