नायट्रोजनचं हिरवं टोपण

माझ्या दुकानासमोर थांबलेल्या ट्रेलरचं मागचं चाक निम्मं बसलं होतं. मी हवेची नळी उचलली तशी ड्रायव्हरने व्हॉल्व्हवरचं हिरवं टोपण हाताने झाकलं. “साधी हवा नको, काका. मालकाने नायट्रोजन भरलाय. पुढच्या गावी मिळेल, जातो हळूहळू.” जागरणाने त्याचे डोळे तांबारले होते. “बाबा रे, साध्या हवेतही बहुतेक नायट्रोजनच असतो. असल्या चाकावर गेलास तर मालकाला टोपणच तेवढं परत मिळेल.” तो केबिनकडे बघत राहिला. “नायट्रोजन भरायला वेळ लागतो ना?” “लागतो की. चांगले दोन तास.” फोन माझ्याकडे देऊन तो केबिनमध्ये चढला आणि घोरायलाच लागला. मी पाच मिनिटांत साधी हवा भरली, टोपण खिशात टाकलं. फोन वाजला. मालक ओरडला, “गाडी का थांबलीये?” “नायट्रोजन भरतोय, साहेब,” मी म्हणालो. “अजून टोपण लावायचंय.”