एक भुवई
माझ्या दातात दोरा असला की मला बोलता येत नाही, हे आत्याबाईंना चांगलं ठाऊक आहे. नवऱ्याच्या या आत्या भुवया करून घ्यायला आमच्या कुंडलच्या घरातल्या माझ्या पार्लरमध्ये येतात आणि खुर्चीत मान मागे टाकली की माझ्यावर तोंड सोडतात. काल त्यांना विश्रामबागला लग्नाला जायचं होतं. पाळण्याची दोरी मी नेहमीसारखी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. भुवई कोरता कोरता तान्ह्याला झोका देत होते. उजवी भुवई झाली, तेवढ्यात थोरल्या लेकीनं पावडरचा डबा स्वतःच्या डोक्यावर उपडा केला. झालं! "लेकरं वाऱ्यावर सोडून बायका नटवत बसतीस व्हय गं? आजच तुझ्या नवऱ्याला फोन करती. बंदच करायला लावती ह्ये पार्लर!" मी दोरा तोंडातून काढला. "करा की फोन. मग डावी भुवई तशीच ऱ्हाऊ दे. जावा लग्नाला." आत्याबाईंनी आरशात दोनदा बघितलं. "आगं, आता आलीच हाय तर उरकून टाक की." माझा पाय थांबला तसा पाळणाही थांबला होता, आणि बाळानं भोकाड पसरलं. "उरकती की. दोन्ही हातांनी कातडी ताणून धरा, आत्याबाई. पाय तर मोकळाच हाय न्हवं?" माझ्या अंगठ्याची दोरी सोडून मी त्यांच्या अंगठ्याला बांधली, दोरा पुन्हा दातात धरला आणि त्यांचा पाय हलायची वाट बघितली.